सायकलच्या जीपीएस कॉम्प्युटरवरील आकडे वारंवार चुकतात तेव्हा : दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे

रस्ता तोच, सायकल तीच, चालवणाराही तोच. तरी जीपीएस कॉम्प्युटर एका फेरीत ४० किलोमीटर अंतर दाखवतो, पुढच्या फेरीत ३९.२, आणि त्यानंतरच्या फेरीत एकूण चढ शंभर मीटरने वाढलेला असतो. नकाशा उघडून पाहावा तर मार्गाची रेघ एखाद्या इमारतीतून आरपार गेलेली दिसते, किंवा वेग मध्येच शून्यावर येऊन लगेच तीसवर चढलेला असतो. अशी तक्रार केली की बहुधा पहिला सल्ला ‘फॅक्टरी रीसेट करा’, म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून कॉम्प्युटर मूळ अवस्थेत आणा, असा मिळतो. रीसेट केल्यावर काही फेऱ्या व्यवस्थित जातात आणि मग तोच दोष परत डोके वर काढतो.

रीसेटने तात्पुरता गुण का येतो, हे आधी समजून घ्यायला हवे. रीसेट करताना उपग्रहांची जुनी माहिती पुसली जाते, सेन्सर नव्याने जोडावे लागतात, कॉम्प्युटर फोनशी पुन्हा जोडला जाऊन ताज्या फाइली उतरवून घेतो, आणि हे सर्व होईपर्यंत सायकलस्वार एका जागी थांबलेला असतो. यांपैकी कोणत्या तरी एका गोष्टीने दोष गेलेला असतो. पण कोणत्या, हे कळत नाही, म्हणून तो पुन्हा उद्भवला की पुन्हा रीसेट करण्याची पाळी येते. शिवाय चाकाचा परीघ, पडद्यांची मांडणी, हृदयगतीचे आणि पॉवरचे (पेडलांवर लावलेल्या शक्तीचे) टप्पे, आणि कधी कधी अपलोड न झालेल्या राइडसुद्धा त्यात नाहीशा होतात. म्हणून रीसेट हा अगदी शेवटचा उपाय ठेवावा आणि त्याआधी चुकलेला आकडा कोणत्या मार्गाने पडद्यावर आला, याचा माग काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आकडा आला कोठून?

पडद्यावर सगळे आकडे शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे ते एकाच ठिकाणाहून आले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात या लहानशा डबीत अनेक स्वतंत्र मोजमाप यंत्रणा एकत्र बसवलेल्या असतात. स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून ठरते. वेग आणि अंतर, चाकाला सेन्सर असेल तर चाकाच्या फेऱ्यांवरून आणि नसेल तर उपग्रहांवरूनच काढले जाते. उंची बऱ्याच उपकरणांत हवेच्या दाबावरून मोजली जाते; दाबमापक नसलेल्या साध्या उपकरणांत ती उपग्रहांवरून किंवा उंचीच्या तयार नकाशावरून घेतली जाते. चढाची टक्केवारी उंचीतील फरकाला अंतराने भागून येते, म्हणून त्या दोहोंपैकी कोणतीही एक चूक तिच्यात उतरते. हृदयगती, पेडलांची गती आणि पॉवर हे आकडे रेडिओलहरींवरून बाहेरच्या सेन्सरांकडून येतात.

हे एकदा ध्यानात आले की तपासाची दिशा आपोआप मिळते. बिघडलेली एखादी राइड संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडावी, तिचे आलेख एकाखाली एक लावावेत आणि कोणते आकडे एकाच क्षणी बिघडले ते पाहावे. नकाशावरील रेघ वेडीवाकडी असून उंची आणि हृदयगती व्यवस्थित असेल, तर दोष उपग्रहांच्या संदेशात आहे. रेघ रस्त्यावरच असून वेग मात्र शून्यावर येत असेल, तर चाकाचा सेन्सर तपासावा. रेघ आणि वेग ठीक असून फक्त उंची सरकत असेल, तर दाबमापकाकडे वळावे. आणि सगळेच आलेख एकाच जागी तुटून काही वेळाने पुढे सुरू झाले असतील, तर मापनाची नव्हे तर नोंदणीची चूक आहे, म्हणजे स्वयंचलित विराम (सायकल थांबली की नोंदणी आपोआप थांबवणारी सोय), बॅटरी किंवा साठवण यांपैकी काहीतरी आडवे आले आहे. ही पाहणी थोड्या वेळाचीच असते. पण तिच्यामुळे पुढचा बराच निरर्थक खटाटोप वाचतो.

उपग्रहांचा संदेश

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि तेथून आलेला संदेश कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतो तेव्हा तो अतिशय क्षीण झालेला असतो. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, यावरून अंतर काढले जाते. कॉम्प्युटरमधील घड्याळ उपग्रहावरील आण्विक घड्याळाइतके अचूक नसते, आणि एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणूनच स्थानाच्या तीन मोजमापांबरोबर वेळेचेही चौथे अज्ञात सोडवावे लागते आणि त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. चारच दिसत असतील आणि तेही आकाशाच्या एकाच बाजूला असतील, तर स्थान मिळते पण ते भरवशाचे नसते.

उपग्रह स्वतः कोठे आहे याचा नेमका तपशील तो स्वतःच प्रक्षेपित करतो, पण अत्यंत सावकाश, सेकंदाला ५० बिट या गतीने. एका उपग्रहाचा कक्षातपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित होतो, आणि सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. हा कक्षातपशील काही तासांतच जुना होतो. कॉम्प्युटर आठवडाभर बंद राहिला असेल, किंवा बंद अवस्थेत दूरच्या गावी नेला असेल, तर त्याला ही माहिती पुन्हा गोळा करावी लागते. हा विलंब टाळण्यासाठी बहुतेक उपकरणे पुढच्या काही दिवसांच्या कक्षांचा अंदाज सांगणारी फाइल फोनवरून किंवा वायफायवरून आधीच उतरवून ठेवतात. राइडचा आरंभच दर वेळी चुकत असेल, पहिले एक-दोन किलोमीटर रेघ रस्त्याच्या बाजूने भरकटत जाऊन पुढे आपोआप सुधारत असेल, तर ही फाइल शिळी झाली आहे असे समजावे. निघण्याच्या आदल्या रात्री किंवा सकाळी फोनशी जोडणी करून ती ताजी करावी.

त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे सुरुवातीला उघड्या आकाशाखाली स्थिर उभे राहणे. छपराखाली, जिन्याजवळ किंवा उंच भिंतीला लागून कॉम्प्युटर चालू केला तर त्याला भिंतीवरून परावर्तित झालेले संदेश मिळतात आणि तो त्यांच्यावरच विसंबतो. ‘सिग्नल मिळाला’ अशी खूण दिसली की लगेच निघण्याची घाई होते. पण ती खूण किमान आवश्यक उपग्रह सापडल्याची असते. आणखी मिनिटभर थांबल्यास उरलेले उपग्रहही हाती येतात आणि स्थान बरेच स्थिरावते.

परावर्तन ही वाटेतही भेटणारी अडचण आहे. उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर किंवा खोल दरीत थेट संदेश अडतो आणि भिंतीला किंवा कड्याला आपटून आलेला संदेश पोहोचतो; त्याने जास्त अंतर कापलेले असल्यामुळे स्थान सरकते. दाट झाडीत, विशेषतः पाने ओली असताना, संदेश आणखी दुबळा होतो. अशा भागात नियमित जाणाऱ्यांनी सेटिंगमध्ये केवळ जीपीएस न ठेवता ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोउ या इतर देशांच्या उपग्रहयंत्रणांपैकी उपलब्ध असतील त्याही चालू कराव्यात. उपकरणात दोन वारंवारितांची सोय असेल, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ या नेहमीच्या वारंवारितेबरोबर ११७६.४५ मेगाहर्ट्‌झवरचा संदेशही ते ऐकत असेल, तर ती सोय अशा ठिकाणी अवश्य वापरावी. या दुसऱ्या संदेशाच्या रचनेमुळे थेट आणि परावर्तित लहरींत फरक करणे सोपे जाते. तिचा खर्च बॅटरीवर पडतो. मोकळ्या माळरानावरच्या दिवसभराच्या राइडला साधी सेटिंग पुरते.

कॉम्प्युटर कोठे बसवला आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अँटेना आकाशाकडे तोंड करून असावी लागते आणि मानवी शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे ते या लहरी अडवते. जर्सीच्या मागच्या खिशात ठेवलेला किंवा वाकलेल्या छातीखाली दांड्याच्या अगदी जवळ बसवलेला कॉम्प्युटर अर्धे आकाश गमावतो. हँडलबारच्या पुढे येणारा माउंट सर्वांत चांगला. त्या माउंटच्या खालच्या बाजूला कॅमेरा किंवा स्वस्त दिवा लावल्यापासून जर रेघ बिघडू लागली असेल, तर तो काढून एक फेरी मारावी, कारण अशा उपकरणांतील विद्युत्मंडलांचा रेडिओगोंगाट अँटेनाच्या अगदी शेजारी होत असतो.

अंतर का जुळत नाही?

उपग्रहांवरून काढलेल्या अंतरात दोन परस्परविरोधी चुका असतात. संथ गतीने चालताना प्रत्येक स्थान काही मीटर इकडे-तिकडे पडते, रेघ नागमोडी होते आणि अंतर वाढते. उलट, नोंदणी दर सेकंदाला न होता ‘स्मार्ट’ पद्धतीने काही सेकंदांनी एकदा होत असेल, तर वळणे सरळ कापली जातात आणि अंतर घटते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला १० मीटर जाते. घाटातील १५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार वळणाची लांबी सुमारे ४७ मीटर आहे, तर त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर ३०. पाच सेकंदांनी एकदा नोंद झाली तर हे संपूर्ण वळण दोन नोंदींच्या मध्ये गडप होऊ शकते, आणि मग नोंदलेल्या बिंदूंवरून अंतर पुन्हा मोजणारे संकेतस्थळ कॉम्प्युटरपेक्षा वेगळा आकडा दाखवते. आजच्या उपकरणांत साठवण मुबलक असते, त्यामुळे दर सेकंदाची नोंद निवडण्यास काहीच अडचण नाही. माझ्या मते हा बदल प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करून टाकावा.

चाकाचा सेन्सर लावला की बोगदा, झाडी, पूल या सर्वांतून अंतर सलग मिळते. पण मग परीघाची जबाबदारी आपल्यावर येते. ७०० बाय २५ च्या (म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीच्या) टायरचा परीघ साधारण २१०५ मिलिमीटर धरतात आणि ७०० बाय २८ चा साधारण २१३६. टायर बदलून सेटिंग तशीच ठेवली तर जवळजवळ दीड टक्क्याची चूक कायमची बसते, म्हणजे १०० किलोमीटरमागे दीड किलोमीटर. तक्त्यातील आकड्यापेक्षा स्वतः मोजलेला आकडा चांगला. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरावी, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खूण करावी, सीटवर नेहमीसारखा भार देऊन चाक सरळ रेषेत काही पूर्ण फेरे पुढे न्यावे, आणि आलेल्या लांबीला फेऱ्यांच्या संख्येने भागावे. भार न देता मोजल्यास परीघ थोडा जास्त भरतो.

बरेच कॉम्प्युटर परीघ उपग्रहांच्या मदतीने आपोआप ठरवतात. ही सोय उघड्या रस्त्यावर उत्तम चालते. पण सेन्सर नवा जोडल्यानंतरची पहिलीच फेरी उंच इमारतींमधून किंवा दाट झाडीतून झाली असेल, तर चुकीचा परीघ बसतो आणि पुढच्या प्रत्येक राइडमध्ये तोच राहतो. सेन्सरच्या तपशिलात जाऊन हा आकडा पाहावा. टायरच्या मानाने तो विचित्र वाटला तर आपोआपची सोय बंद करून मोजलेला आकडा हाताने भरावा. हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, रबरी पट्ट्याने बसवलेला सेन्सर सैल पडून हबबरोबर न फिरता घसरत असेल, तरीही वेग मधूनमधून शून्य होतो. आणि एकाच घरात दोन-तीन सायकली असतील, तर शेजारच्या सायकलीचे चाक हलताच तिचा सेन्सर जागा होऊन कॉम्प्युटर त्यालाच धरून बसतो. प्रत्येक सेन्सरला सायकलीचे नाव दिल्यास हा घोळ लगेच ध्यानात येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. सरावासाठी आकडा बरोबर असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो दर वेळी एकाच पद्धतीने मोजलेला असणे महत्त्वाचे आहे. एक टक्का कमी दाखवणारा पण नेहमी तेवढेच कमी दाखवणारा कॉम्प्युटर दोन महिन्यांतली प्रगती प्रामाणिकपणे दाखवतो. सेटिंग सतत बदलत राहणाऱ्याच्या नोंदी मात्र एकमेकींशी ताडूनच पाहता येत नाहीत. म्हणून कोणताही बदल एका वेळी एकच करावा आणि त्यानंतर ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मारून मगच दुसऱ्या बदलास हात घालावा.

उंची आणि चढ

उपग्रह आपल्या डोक्यावरच असतात, पायाखाली कधीच नसतात. म्हणून उपग्रहांवरून मिळणाऱ्या उंचीतील चूक आडव्या स्थानातील चुकीपेक्षा जास्त असते. दाबमापक असलेले उपकरण उंचीतील लहान बदल फार चांगले टिपते. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने घटणे म्हणजे सुमारे साडेआठ मीटर वर जाणे. मात्र दाब हवामानामुळेही बदलतो. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतेपर्यंत पावसाळी हवा आली आणि दाब सहा हेक्टोपास्कलने उतरला, तर कॉम्प्युटरच्या हिशेबी घर सुमारे ५० मीटर वर गेलेले असते. हा बिघाड नव्हे. दाबमापक आपले काम चोख करतो आहे. निघताना ज्ञात उंची हाताने भरावी किंवा घराचे स्थान उंचीसह साठवून ठेवावे, म्हणजे आरंभ तरी नेमका होतो.

खरा बिघाड असतो तो डबीवरच्या बारीक छिद्रात. दाबमापकाला बाहेरची हवा या छिद्रातून मिळते, आणि घामाचे मीठ, चिखल किंवा पावसाचा थेंब त्यात अडकला की उंची काही काळ गोठते आणि मग एकदम उडी मारते. आलेखावर अशा पायऱ्या दिसल्या तर कॉम्प्युटर कोमट, साध्या पाण्यात बुडवून हलकेच धुवावा आणि छिद्र खालच्या बाजूस ठेवून सुकू द्यावा. छिद्रात सुई किंवा टाचणी घालू नये, आतला पातळ पडदा फाटतो. सिलिकॉनचे कव्हर छिद्रावर घट्ट बसले असेल तरीही असेच होते. वेगाने उतरताना समोरची हवा थेट छिद्रावर आदळत असेल तर ताशी ५४ किलोमीटर वेगाला जास्तीत जास्त सव्वा ते दीड हेक्टोपास्कल दाब वाढू शकतो, म्हणजे उंची अकरा-बारा मीटर कमी दिसू शकते.

एकूण चढाचा आकडा निरनिराळ्या संकेतस्थळांवर निरनिराळा दिसतो, याबद्दल फार वाद होतात. कारण साधे आहे : किती मीटरचा उंचवटा चढ म्हणून मोजायचा आणि किती मीटरचा गोंगाट म्हणून सोडून द्यायचा, याची मर्यादा प्रत्येकाने वेगळी ठरवली आहे. ‘उंची दुरुस्त करा’ हे बटण दाबल्यावर नोंदलेली उंची टाकून देऊन नकाशातील भूपृष्ठाची उंची घेतली जाते. पुलावर आणि कड्याला लागून असलेल्या रस्त्यावर ती हमखास चुकते, कारण नकाशाला पुलाखालची दरी दिसते, पूल दिसत नाही. दाबमापक सुस्थितीत असेल तर त्या बटणाला हात न लावणे उत्तम.

बाहेरचे सेन्सर

हृदयगती किंवा पॉवर मध्येच गायब होत असेल तर सर्वांत आधी सेल बदलावा. सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल थंडीत कमी व्होल्टेज देतो, त्यामुळे घरात चालणारा सेन्सर पहाटेच्या गारव्यात बंद पडतो. काही सेलांवर, लहान मुलांनी ते तोंडात घालू नयेत म्हणून, कडू लेप दिलेला असतो आणि तो काही सेन्सरांत धातूच्या पट्टीशी नीट संपर्क होऊ देत नाही. नवा सेल घालूनही सेन्सर मृत असेल तर लेप नसलेला सेल घालून पाहावा. जुना सेल काढल्यावर अर्धा मिनिट थांबून मग नवा बसवावा.

ब्लूटूथवरचा सेन्सर एका वेळी एकाच किंवा मोजक्याच उपकरणांशी बोलतो, तर अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवरचा सेन्सर आपले आकडे सर्वांसाठी प्रक्षेपित करतो. म्हणून फोनमधील एखाद्या ॲपने छातीचा पट्टा ब्लूटूथवर आधीच धरून ठेवला असेल तर कॉम्प्युटरला तो सापडतच नाही. दोन्ही सोयी असलेला सेन्सर कॉम्प्युटरला अँट प्लसने जोडणे श्रेयस्कर. छातीचा पट्टा पहिली दहा मिनिटे अशक्य वाटावी इतकी हृदयगती दाखवत असेल, तर पट्टा कोरडा आहे आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या जर्सीमुळे स्थिरविद्युत् तयार होत आहे; पट्ट्याचा आतला भाग ओला करून बांधल्यास हे थांबते. पॉवर मीटरच्या बाबतीत, सायकल घरातून बाहेर काढल्यावर ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच शून्यांकन करावे, म्हणजे पेडलवर भार नसताना मीटरला शून्य ठरवू द्यावे.

मार्गदर्शनातील घोळ

कॉम्प्युटरवर सर्वाधिक राग निघतो तो मार्ग दाखवताना. आखलेला मार्ग सोडून तो भलतीकडे वळायला सांगतो, किंवा सुरुवातीलाच ‘मार्ग पूर्ण झाला’ म्हणतो. पहिल्या प्रकाराचे मूळ फाइलीत असते. मार्ग साठवणाऱ्या जीपीएक्स फाइलीत ‘ट्रॅक’ असेल तर ती निव्वळ बिंदूंची माळ असते आणि तिच्यावरून कसे जायचे हे निश्चित असते. ‘रूट’ असेल तर त्यात मोजकीच ठिकाणे असतात आणि त्यांच्या मधला रस्ता कॉम्प्युटर स्वतःच्या नकाशावरून ठरवतो. ज्या संकेतस्थळावर मार्ग आखला त्याचा नकाशा आणि कॉम्प्युटरमधला नकाशा यांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की दोघांचे रस्ते वेगळे निघतात. मार्ग ट्रॅक म्हणून उतरवावा, किंवा वळणाच्या सूचना आत असलेली टीसीएक्स वा फिट फाइल घ्यावी, आणि ‘पुन्हा मार्ग काढणे’ ही सेटिंग बंद ठेवावी. ती बंद असल्यावर रस्ता चुकला तर कॉम्प्युटर फक्त इशारा देतो आणि आपण नकाशावरील रेघेकडे परत जातो.

ज्या मार्गाचा आरंभ आणि शेवट एकाच चौकात आहे, किंवा ज्यात एकाच रस्त्याने जाऊन परत यायचे आहे, त्यात कॉम्प्युटरला आपण जातो आहोत की परततो आहोत हे काही वेळा कळत नाही. असा मार्ग मधून तोडून दोन फाइली केल्या की प्रश्न मिटतो. नकाशातच रस्ता चुकीचा असेल तर तोही दुरुस्त करता येतो. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांच्या नकाशावर अनेक सायकल कॉम्प्युटरांचे नकाशे आधारलेले असतात. तेथे केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतून आपल्याच नव्हे तर त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या उपकरणात पोहोचते.

एवढी कटकट असूनही मार्गदर्शन हाच या उपकरणाचा सर्वांत मोठा लाभ आहे, असे मला मनापासून वाटते. अनोळखी प्रदेशात प्रत्येक तिठ्यावर थांबून फोन काढावा लागत नाही आणि नजर रस्त्यावर राहते. चढाचा उरलेला भाग आणि पुढच्या टप्प्याची तीव्रता आधी दिसत असल्याने सुरुवातीलाच दम संपवणे टळते. ज्याने लांब घाटात तळालाच सगळा जोर खर्च केला आहे, त्याला या एका पडद्याची किंमत सांगावी लागत नाही. साखळी, टायर आणि ब्रेकचे रबर किती किलोमीटर चालले याचा हिशेबही आपोआप राहतो.

हरवलेली राइड

स्वयंचलित विराम ही सोय शहरातील सिग्नलवर उपयोगी आहे, पण तीव्र चढावर किंवा सायकल हातात धरून चालताना वेग तिच्या मर्यादेखाली जातो आणि नोंदणी थांबते. वेग उपग्रहांवरून येत असेल तर झाडीखाली ती सारखी चालू-बंद होते. अशा रस्त्यांवर ती बंद करावी. थांबलेला वेळ नंतरही वेगळा काढता येतो.

राइड फोनवर आली नाही म्हणजे ती गेली असे नव्हे. बहुतेक उपकरणे ती आधी स्वतःच्या साठवणीत फिट फाइल म्हणून लिहितात. कॉम्प्युटर केबलने संगणकाला जोडून ती फाइल हाताने उचलता येते. जोडल्यावर संगणकाला काहीच दिसत नसेल तर केबल बदलावी, कारण काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत माहिती वाहणाऱ्या तारा नसतात. २०२० च्या जुलैमध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिन या सायकल कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा काही दिवस बंद होत्या, तेव्हा अनेकांनी आपल्या राइड याच पद्धतीने इतर संकेतस्थळांवर चढवल्या. बॅटरी संपून मध्येच बंद पडलेल्या राइडची फाइल अपुरी असू शकते, पण दुरुस्तीची साधने तिच्यातील बराचसा भाग वाचवतात. तोवर ती उपकरणातून पुसू नये.

बॅटरी अचानक उतरण्यामागे पडद्याचा प्रकाश हे सर्वांत सामान्य कारण आहे, त्याखालोखाल अनेक उपग्रहयंत्रणा आणि सतत चालू असलेली फोनची जोडणी. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

अद्ययावतन आणि जुनी उपकरणे

फर्मवेअर, म्हणजे उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर, मोठ्या राइडच्या आदल्या रात्री बदलू नये. बदलल्यावर परीघ, नोंदणीची पद्धत आणि विरामाची सेटिंग पुन्हा पाहावी, कारण ती काही वेळा मूळपदावर जाते. जुन्या उपकरणात स्थान बरोबर असून तारीख मात्र सुमारे वीस वर्षे मागची दिसत असेल, तर त्याचे कारण वेगळेच आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात आणि मग मोजणी शून्यापासून सुरू होते. असे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले आणि पुढे २०३८ च्या नोव्हेंबरमध्ये घडेल. त्यावर नव्या फर्मवेअरशिवाय इलाज नाही, आणि कंपनीने ते देणे थांबवले असेल तर राइडची तारीख संगणकावर हाताने दुरुस्त करावी.

हे सर्व करूनही दोष राहिला तर कंपनीला लिहावे, पण ‘आकडे चुकतात’ एवढेच लिहून पाठवू नये. बिघडलेल्या राइडची मूळ फिट फाइल, त्याच रस्त्यावरील चांगल्या राइडची फाइल, फर्मवेअरची आवृत्ती, जोडलेल्या सेन्सरांची नावे आणि आलेख जेथे तुटतो ती वेळ, एवढे सोबत द्यावे. संकेतस्थळावरून पुन्हा उतरवलेल्या जीपीएक्स प्रतीत सेन्सरांचा आणि उपकरणाचा बराच तपशील गळालेला असतो, म्हणून ती न पाठवता उपकरणातून थेट उचललेलीच फाइल जोडावी, आणि फॅक्टरी रीसेट ही फाइल सुरक्षित जागी ठेवल्यानंतरच करावा.